नाक्यावर कुणी राहत नाही

शैलेंद्र कारखानीस शारजाला आला तो १९९१च्या ऑक्टोबरात. कुवेतचं युद्ध संपून सात-आठ महिने झाले होते आणि आखातात पुन्हा रस्त्यांची कामं निघाली होती. ठाण्याचा माणूस, शिक्षणाने सिव्हिल डिप्लोमावाला, धंद्याने सर्व्हेअर. दोन वर्षांनी त्याने बायको उर्मिलाला आणि मुलगी अस्मीला बोलावून घेतलं. अल मजाजला तळ्याच्या काठी, सातव्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. उर्मिला एका इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवायची. अस्मी मराठीतल्या प्रश्नाला इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, आणि आईबाप आता त्याबद्दल बोलायचे थांबले होते.

कन्सल्टन्सीच्या ऑफिसात त्याची ख्याती होती ती आकड्यांच्या बाबतीत. दिवसभर लेव्हल घेत, म्हणजे उंची मोजत, डोंगर चढायचा, उतरायचा आणि संध्याकाळी पहिल्या खुणेवर परत यायचं. तिथला सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा जुळला नाही तर इतर लोक टेबलावर बसून जुळवून टाकत. शैलेंद्र दुसऱ्या दिवशी पुन्हा डोंगर चढे. त्याच्याबरोबर स्टाफ, म्हणजे मापाची उभी पट्टी, धरणारा अलीमियाँ, पन्नाशीचा हैदराबादी, कुरकुरत म्हणे, "कारखानीस साब, पाँच मिलीमीटर में कौन मर जाएगा?" पण तोही चढे.

अशा माणसाने १९९८च्या जानेवारीत एका छापील फॉर्मवर एक खोटा शब्द लिहिला.

काम होतं डोंगरातल्या जुन्या रस्त्याचं. पूर्व किनाऱ्याकडून पश्चिमेला येणारी एक वाट नक्ब अल-सिद्र नावाच्या खिंडीतून जायची. सिद्र म्हणजे बोर. खिंडीत चार-पाच बोरी अजून तग धरून होत्या. पूर्वी या खिंडीत एका शेखचा मुलूख संपे आणि दुसऱ्याचा सुरू होई, म्हणून खडकाच्या खांद्यावर एक जकात नाका बांधलेला होता. खाली दोन खोल्या, वर एक माडी, दगड आणि चुन्यातलं काम. वाटेवर लाकडाचा आडवा दांडा असे. उंटांचे तांडे, नंतर लॅण्डरोव्हर आणि खजुराचे ट्रक तिथे थांबत, जकात देत, मग दांडा वर जाई. सगळी अमिरात एक झाली तशी ती पद्धत बंद पडली. आता तिथून चौपदरी रस्ता न्यायचा होता आणि त्यासाठी नाक्याच्या खालचा कडा सुरुंग लावून फोडायचा होता.

सुरुंग लावण्याआधी आसपासच्या इमारतींची पाहणी करायची असते. कुठे किती भेगा आहेत, त्या वाढताहेत का, आत कोण राहतं. भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवायच्या. भेग हलली की काच तडकते. शैलेंद्र नाक्याच्या भिंतीवर त्या पट्ट्या लावत होता आणि सवयीप्रमाणे स्वतःशी मराठीत मोजत होता. "बावन्न... त्रेपन्न..."

"तू मुंबयचा काय रे?"

तो दचकून वळला. माडीच्या दारात एक म्हातारी उभी होती. अंगावर इथल्या बायकांचा काळा अबाया, नाकात मात्र कोकणातली चमकी.

तिचं नाव हव्वाबी. मूळची बाणकोटची. तिचा बाप गलबतावर तांडेल होता, लाकूड आणि कौलं घेऊन या किनाऱ्याला यायचा. सतरा वर्षांच्या मुलीचं लग्न त्याने इथेच, नाक्याचा राखणदार सालिम याच्याशी लावून दिलं. सालिमला आधीच्या बायकोचा एक मुलगा होता, खमीस. पुढे सालिमचे डोळे गेले, तेव्हा शेवटची तीन वर्षं नाका हव्वाबीनेच चालवला. वळणापलीकडून इंजिनाचा आवाज आला की कुठली गाडी, भरलेली की रिकामी, हे ती आतून सांगायची. "दांडा मीच उचलायचे. बाईमाणूस म्हणून एकानं हुज्जत घातली, त्याला उन्हात तासभर उभा केला," ती म्हणाली. जकात बंद झाल्यावर सालिमने तोच दांडा कापून बाक केला होता. शैलेंद्रला तिने त्याच बाकावर बसवून कॉफी दिली. पन्नास वर्षांत तिची बोली अर्धी अरबी झाली होती, तरी महाडकडच्या आजोळी सुट्ट्या घालवलेल्या शैलेंद्रला ती सहज कळत होती. पुढचे आठ-दहा दिवस तो रोज तिच्याकडची कॉफी प्यायला.

खाली गावात सरकारने जुनी घरं पाडून नवी बांधून दिली होती. खमीसच्या घरात हव्वाबीचीही एक खोली होती. कागदोपत्री ती तिथे राहायची. प्रत्यक्षात पहाटेची नमाज झाली की ती वर चढे, दिवसभर दोन शेळ्यांबरोबर नाक्यावर असे, आणि गुडघा दुखत असला की रात्रीही तिथेच झोपे.

फॉर्मवर एक रकाना होता: ऑक्युपाइड की व्हेकंट. शैलेंद्रने तो कोरा ठेवला होता. प्रोजेक्ट मॅनेजर नबील, जॉर्डनचा, वीस वर्षं आखातात काढलेला शांत माणूस, त्याने फॉर्म परत पुढे सरकवला.

"हे राहिलंय."

"ती बाई तिथे असते, सर."

"तिचं घर गावात आहे. सरकारी कागद आहे माझ्याकडे." नबीलने चष्मा काढला. "ऑक्युपाइड लिहिलंस तर सुरुंगाची परवानगी पुन्हा पहिल्यापासून. चार महिने. तेवढ्यात काम दुसऱ्याकडे जाईल आणि या मजल्यावरची निम्मी माणसं घरी जातील. कागदावर जे आहे ते लिही, शैलेंद्र. खोटं लिही असं मी म्हणत नाही."

अस्मीची दहावीची बोर्डाची परीक्षा पाच आठवड्यांवर होती. फॅमिली व्हिसा शैलेंद्रच्या नोकरीवर होता. त्याने 'व्हेकंट' लिहिलं, खाली सही केली आणि तारीख घातली. घरी येऊन तो जेवला नाही. पोट बिघडलंय, असं सांगितलं.

सुरुंगाचा दिवस बुधवारचा ठरला, फेब्रुवारीतला. तोवर बावीस दिवस गेले होते आणि त्या बावीस दिवसांत तो नाक्यावर एकदाही गेला नव्हता. पट्ट्या बघायला त्याने अलीमियाँला पाठवलं. आईला त्या दिवशी खालीच ठेव, असं कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने खमीसला बजावलं होतं. पण खमीस सैन्यात ड्रायव्हर. मंगळवारी त्याला अचानक ड्यूटीवर बोलावणं आलं आणि तो निघून गेला. हे साइटवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

बुधवारी सकाळी साडेदहाला सुरुंगाचे एकोणतीस होल दारूने भरून झाले. लाल झेंड्यांची रेषा नाक्यापासून पाचशे मीटरवर होती. सगळी माणसं तिच्या मागे. रस्ता दोन्ही बाजूंनी अडवलेला, पोलिसांची गाडी खिंडीच्या पलीकडच्या तोंडाशी. डोंगराच्या माथ्यावर ढग चढत होते. सुरुंगाचा मुकादम, इजिप्शियन माणूस, वरचेवर तिकडे बघत होता.

शैलेंद्रने रेषेवर यंत्र लावलं होतं. नाक्याच्या कोपऱ्यावर एक खूण रंगवलेली होती. स्फोटाआधी आणि नंतर तिचं माप घ्यायचं होतं. पहिला भोंगा झाला. त्याने दुर्बीण खुणेवर नेली, आणि ती किंचित वर सरकली.

माडीच्या खिडकीत एक ओढणी वाळत घातली होती. खालची कड गडद दिसत होती. तो डोळा लावून बघत राहिला. कडेवरून एक थेंब पडला. थोड्या वेळाने दुसरा.

"सर," तो नबीलला म्हणाला, "ती आत आहे."

"सकाळी सेफ्टीवाल्याने दार वाजवलं होतं. कुणी ओ दिली नाही."

"कपडा ओला आहे. आत्ता धुतलेला. बघा तुम्ही."

नबीलने दुर्बिणीतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याने मुकादमाला हाक मारली. मुकादम म्हणाला, भरलेले होल सोडून जाता येत नाही. त्यात वायरींवर चालणारे डिटोनेटर आहेत आणि वर ढग जमलेत. जवळपास वीज पडली तर ते आपोआप उडतील, कुणाला विचारणार नाहीत. "वीस मिनिटं. त्याच्या पुढे मी इथे माणसं उभी ठेवणार नाही."

"पोलिसांना सांगू," नबील म्हणाला.

"ते पलीकडून चढेपर्यंत अर्धा तास जाईल," शैलेंद्र म्हणाला. "आणि ती त्यांना दार उघडणार नाही."

त्याने कमरेचा वॉकीटॉकी काढून अलीमियाँच्या हातात दिला. रेडिओच्या लहरींनीही डिटोनेटर उडू शकतात, म्हणून अशा वायरींजवळ तो नेत नाहीत. अलीमियाँ म्हणाला, "मैं चलता हूँ साब." शैलेंद्र नको म्हणाला.

"शैलेंद्र," नबील हळूच म्हणाला, "झेंड्याच्या पुढे तुझा इन्शुरन्स नाही."

"माहीत आहे सर."

वाट भरलेल्या होलांना लागूनच वर जात होती. पिवळ्या आणि लाल वायरी खडकावरून एकमेकींत गुंतत गेल्या होत्या. तो धावला नाही. पाय घसरून वायर ओढली गेली तर, या भीतीने तो एकेक पाऊल बघून टाकत होता. अस्मीचा आज फिजिक्सचा सराव पेपर होता, आणि तो तिला सकाळी ऑल द बेस्ट म्हणायला विसरला होता, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं. अर्ध्या वाटेवर असताना लांब कुठेतरी गडगडलं.

माडीचं दार आतून बंद होतं.

"मावशी, मी शैलेंद्र. दार उघडा."

आतून शेळीचा आवाज. मग तिचा. "दार उघडायचं नाय."

"खाली सुरुंग भरलाय. आता उडवणार आहेत."

"मना ठाव हाय. भोंगा ऐकला."

"मग चला ना. मी हात धरतो."

"एकदा बाहेर गेलं का कुलूप पडतं," ती म्हणाली. "डोळ्याच्या आपरेशनला शारजाला गेले हुते, परत आले तर गावातला जुना घर नाय. जमीनदोस्त. सरकारची माणसा खमीसला बोलली, बाई कुठं राहत हुती, तुमची आई गावात नव्हतीच, घर रिकामा हुता."

शैलेंद्र दाराला टेकला. घड्याळात वीसपैकी सात मिनिटं गेली होती. तिला काहीही सांगून बाहेर काढता आलं असतं. घराला काही होणार नाही, उद्या परत या, मी बघतो सगळं. एक खोटं आणखी, आणि तेही तिचा जीव वाचवायला.

"मावशी," तो म्हणाला, "या वेळीही तसंच लिहिलंय. आणि ते मी लिहिलंय."

त्याने तळहात दारावर ठेवला.

"नाक्यावर कुणी राहत नाही, असं मी लिहून दिलं. सही माझी आहे. तेव्हा आठ दिवस मी रोज तुमची कॉफी पीत होतो."

"का लिवलास?" आवाजात राग नव्हता. तेच त्याला सोसवेना.

"नोकरी जाईल म्हणून. पोरीची परीक्षा आहे."

पुन्हा गडगडलं, या खेपेला जवळ. खालून कुणीतरी ओरडलं. शब्द कळले नाहीत.

"घर पडंल?" तिने विचारलं.

"माहीत नाही. कडेचा कोपरा पडेल असं मला वाटतं. पूर्ण पडणार नाही. पण शपथ घेऊन सांगता येत नाही."

"मग आता खरा लिव."

त्याने खिशातलं फिल्डबुक काढलं, मापं टिपायची वही. घाईत पेन्सिलीचं टोक मोडलं. दुसरी पेन्सिल कानामागे होती. आधी इंग्रजीत, मग मराठीत लिहिलं. नक्ब अल-सिद्रच्या नाक्यात हव्वाबी, सालिमची विधवा, राहते. अमुक तारखेच्या फॉर्मवर मी हे घर रिकामं असल्याचं लिहिलं, ते चूक आहे. नाव, सही, तारीख, वेळ दहा छप्पन्न.

"वाच."

त्याने वाचलं.

"परत वाच."

त्याने पुन्हा वाचलं. पान फाडून दाराखालून आत सरकवलं. कडी निघाली.

हव्वाबीने पान घडी करून अबायाच्या आत ठेवलं, शेळ्यांचं दावं सोडलं आणि त्यांना हाकललं. त्या टणाटण उड्या मारत खाली, वायरींच्या दिशेने गेल्या. हव्वाबीने जिभेने एक आवाज काढला, तशा त्या वळून मागच्या घळीकडे पळाल्या. तिचा गुडघा चार पावलांत अडला. "पाठीवर बसा," तो म्हणाला. तिने आढेवेढे घेतले नाहीत. म्हातारी हलकी होती, पण उतारावर दोघांचं वजन त्याच्या पोटऱ्यांत उतरत होतं. पावसाचे टपोरे थेंब खडकावर पडायला लागले. होलांच्या रांगेजवळून जाताना ती त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती, दुवा असावी.

झेंड्याच्या अलीकडे शे-दीडशे मीटरवर अलीमियाँ त्यांना सामोरा आला. झेंडा ओलांडून आला होता. त्याने काही न बोलता हव्वाबीला आपल्या पाठीवर घेतलं.

मुकादमाने तिघांना रेषेच्या मागे घेतलं, दोन भोंगे लागोपाठ वाजवले आणि बटण दाबलं.

जमीन पायाखालून उचलल्यासारखी झाली. मग आवाज, मग धूळ. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. नाका उभा होता. कड्याकडचा कोपरा ढासळला होता आणि त्याबरोबर माडीची ती खिडकीही.

"खिडकी गेली," हव्वाबी म्हणाली. पाच मिनिटांनी डोंगरमाथ्यावर वीज कोसळली. मुकादमाने कपाळाचा घाम पुसला आणि सिगरेट शिलगावली.

दुसऱ्या दिवशी शैलेंद्रने फिल्डबुकातल्या मजकुराची टाइप केलेली प्रत स्वतःच नबीलच्या टेबलावर ठेवली. नबीलने दोन्ही कागद शेजारी शेजारी मांडले.

"यातला तुझा कुठला?"

"दोन्ही माझेच, सर."

"आज तो दुसरा मला मिळाला नाही असं होऊ शकतं. मूळ कागद बाईकडे आहे. तिला वाचता येत नाही."

"तिला माहीत आहे त्यात काय आहे ते."

नबीलने कागद फाइलला लावला. तो दुष्ट नव्हता. त्याने फाइल वर पाठवली, आणि वर काय होईल हे दोघांनाही ठाऊक होतं. काम दोन महिने थांबलं. उरलेला कडा सुरुंगाने नाही, यंत्राने फोडून काढायचा असा हुकूम आला. शैलेंद्रचं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपत होतं. ते वाढवलं नाही. कारण लिहिलं नव्हतं.

घरी त्याने उर्मिलाला त्या बुधवारीच सगळं सांगितलं होतं. ती ओट्याशी उभी होती, पोळ्या लाटत. शेवटची पोळी तिने तव्यावरून उतरवली.

"ते खोटं आहे हे तुला पहिल्या दिवशी माहीत होतं," मग ती म्हणाली. "पोट बिघडलंय म्हणालास मला."

"हो."

"तेव्हाच का नाही बोललास? मी नाही म्हणाले असते? आपण तिघं मिळून ठरवलं असतं काय ते. तू एकट्याने आमच्यासाठी खोटं लिहिलंस, आणि मग एकट्यानेच मरायला निघालास." तिने गॅस बंद केला. "मला राग कशाचा आलाय ते तुला कळतंय का?"

त्याला कळत होतं.

अस्मीची परीक्षा झाली. जुलैत उर्मिला आणि ती ठाण्याला गेल्या. अस्मीने तिकडेच अकरावीला प्रवेश घेतला. एअरपोर्टवर ती बापाला इंग्लिशमध्ये म्हणाली, "टेक केअर, बाबा," आणि मग थांबून, मराठीत, "जेवत जा."

नवी नोकरी मिळाली ती एका कॉन्ट्रॅक्टरकडे, हुद्दा एक पायरी खालचा. राहायला दुबईतल्या मुहैस्नाहच्या मजुरांच्या कॅम्पमध्ये, एका खोलीत चौघं. लोक त्या भागाला सोनापूर म्हणत. चाळिशी ओलांडलेला माणूस, रोज पहाटे चारला बसच्या रांगेत उभा. तिथे तो पावणेतीन वर्षं राहिला. पहिल्या वर्षी उर्मिलाची पत्रं कोरडी असत: फी, गॅस, सोसायटीची मीटिंग. दुसऱ्या वर्षी एका पत्रात तिने शाळेतला एक किस्सा लिहिला, बाई मुलांना गुण वाढवून देतात त्याचा, आणि शेवटी, 'मी नाही दिले. तू आठवलास,' एवढंच. ते पत्र त्याने खोलीतल्या कुणाला दाखवलं नाही.

२००१मध्ये त्याला दुबईत पुन्हा सर्व्हेअरची जागा मिळाली आणि उर्मिला परत आली. अस्मी इंजिनिअरिंगला ठाण्यातच राहिली.

हव्वाबीबद्दल खमीसकडून कळत असे. चौकशीला आलेल्या माणसांपुढे तिने त्या कागदाची घडी उघडून ठेवली होती. नाका तिच्या हयातीत पाडायचा नाही, असं तिला लेखी मिळालं. पडलेला कोपरा खमीसने सिमेंटच्या विटांनी बांधून काढला. दिसायला वाईट, पण वारा अडत होता. २००२च्या हिवाळ्यात ती गेली. गावातल्या खोलीत, झोपेत.

बातमी आल्यावर पुढच्या शुक्रवारी शैलेंद्र आणि उर्मिला गाडीने तिकडे गेले. रस्ता सुरेख झाला होता. गाड्या ताशी एकशेवीसने जात होत्या, नाक्याकडे कुणी मान वळवत नव्हतं. खमीसने दोघांना कबरीवर नेलं, मग घरी कॉफी दिली. नाक्याचं पुढे काय होणार, ते त्यालाही सांगता आलं नाही. माणसं येऊन फोटो काढून गेली होती.

निघताना उर्मिलाने गाडी बाजूला घ्यायला सांगितली. ती खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून वर बघत राहिली.

"झेंडे कुठे होते?"

त्याने दाखवलं.

तिने नजरेनेच ते अंतर मोजलं, वरपर्यंत आणि परत. ओढणी वाऱ्याने उडत होती, ती तिने घट्ट धरली. "आणि सुरुंग मधे."

"हो."

"तिला घेऊन कसा उतरलास रे?"

"हळूहळू," तो म्हणाला. "मला फार भीती वाटत होती, उर्मी."

हे त्याने चार वर्षांत तिला सांगितलं नव्हतं. ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने दोघं हलली. मग ती गाडीकडे वळली आणि चावी मागण्यासाठी तिने हात पुढे केला. परतताना गाडी तिने चालवली.